चाळीस पावलं

कपडे वाळत घालायच्या दोरीचा पलीकडचा खांब नाहीसा झाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"वाऱ्यानं पडला असेल," बाबा म्हणाले.

"पडून गेला कुठे?"

"खाली."

खाली म्हणजे समुद्रात. आमचं घर कड्याच्या अगदी माथ्यावर. आता तिथे बाबा एकटेच राहतात; मी शहरात राहते, सुटीला येते. वर काळा, टणक दगड आणि त्याच्या पोटात बोटानं उकरता येईल अशी पिवळी माती. लाटा माती खातात, दगड अधांतरी राहतो आणि एक दिवस स्वतःच्याच वजनानं कोसळतो. आमच्या घराच्या आणि समुद्राच्या मध्ये एके काळी एक रस्ता होता, त्याच्या पलीकडे टेहळणीचा बुरूज आणि त्याच्याही पलीकडे विहीर. बुरूज पणजोबांनी पाहिला होता. विहीर कुणीच पाहिली नाही, ती फक्त जुन्या नकाशात आहे.

मला हे सगळं तोंडपाठ, कारण कडा मोजणाऱ्या कार्यालयात मी मोजणीदार आहे. दरवर्षी पावसाच्या आधी कुणाच्या घरापासून कडा किती लांब राहिला ते लिहायचं. वीस मीटरच्या आत आलं की घर रिकामं करायचं. लोक मला बघून दार लावतात, ते उगाच नाही.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबाखांबांमधलं अंतर ते पावलांनी मोजायचे. पाऊण मीटरचं एक पाऊल, ना कमी ना जास्त. साहेब मागून टेप लावायचे आणि मान डोलावून निघून जायचे. तोच तोरा घरीही. दरवर्षी मागच्या दारापासून कड्यापर्यंत चालायचं आणि आकडा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहायचा. सगळ्यात वरचा ऐंशी. मग सत्तर, मग पंचावन्न. गेली सहा वर्षं मात्र चाळीस, चाळीस, चाळीस. "कडा दमला," असं बाबा येईल त्याला ऐकवायचे.

आणि मी? सगळ्या कड्यावर टेप ओढत हिंडणाऱ्या मी आमच्या परसात टेप कधी लावलाच नाही. बाबांचे चाळीस गुणिले पाऊण, तीस मीटर, खाली माझी सही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या दुपारी मात्र बसवेना. दोनदा पाणी प्यायले, उगाच खिडकी लावली, उघडली. शेवटी टेप काढला.

अठरा मीटर.

परत लावला. अठराच. वीसच्या आत.

"बाबा, यंदाचं मोजून टाका ना," मी हाक मारली. ते खुशीत निघाले आणि मी त्यांच्या मागोमाग. बरोबर चाळीस भरली. पण या खेपेला मी कड्याकडे नाही, त्यांच्या पायांकडे बघत होते. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्यापुढे जेमतेम वीतभर पडत होती. वर्षागणिक कडा जवळ येत गेला, तसतसं बाबांचं पाऊल आखूड होत गेलं. सहा वर्षं आम्ही दोघांनी म्हातारपण मोजलं आणि त्याला कडा म्हटलं.

"टेप अठरा दाखवतोय," मी म्हटलं.

"ताणून धरला असशील."

"मोजणीदार आहे मी, बाबा!"

"आणि मी आयुष्यभर खांब रोवलेत. एक तरी वाकडा निघाला का?"

मला राग आला. त्यांचा थोडा, माझ्या सह्यांचा जास्त. बोलायचं नव्हतं ते बोलून बसले. "तुमचं पाऊल आखूड झालंय."

ते वळले आणि तरातरा, म्हणजे त्यांच्या मानानं तरातरा, मागच्या दारापाशी गेले. तिथल्या फरशीत त्यांच्या पावलांचे दोन ठसे आहेत. सिमेंट ओलं असताना बाबा त्यावरून ऐटीत चालत गेले होते आणि आईनं दोन दिवस अबोला धरला होता. बाबांनी डावा पाय पहिल्या ठशात ठेवला. उजवा पुढे टाकला. तो दुसऱ्या ठशाच्या दीड वीत अलीकडे पडला.

पुन्हा टाकला. तोल गेला, मी दंड धरला. त्यांनी हात झटकला आणि तिसऱ्यांदा टाकला.

दुसरा ठसा रिकामाच राहिला. माझं तोंड कुणी शिवून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

"पेन्सिल कुठाय?" ते म्हणाले. "लिही. अठरा. पुढे मीटर लिही, नाहीतर कुणी पावलं समजेल."

मी लिहिलं. अक्षर गचाळ आलं.

"आणि तुझ्या कागदावरही खरं लिही. मागच्या सहा वर्षांचंही सांग."

"सांगते. नोकरीवर गदा येईल कदाचित."

"येऊ दे. घरावर आलीये तशी." ते उंबऱ्यावर बसले. "तुझ्याकडे मागचं दार आहे का गं?"

"नाही, बाबा. तिसरा मजला."

"मग मी रोज काय मोजू?"

"जिना आहे," मी कसंबसं म्हटलं. "बेचाळीस पायऱ्या."

त्यांनी फरशीतल्या ठशावरून तळवा फिरवला, धूळ झटकली.

"पायऱ्या बऱ्या," ते म्हणाले. "त्या कुणाच्याही पावलांनी तेवढ्याच भरतात."