लेबलवरची आत्या

निकेशला मी पहिली थोबाडीत मारली ती त्याच्याच दुकानात, आणि ती कमी पडली असं माझं अजून मत आहे.

दुकान अहेरीत, बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, चिकन सेंटरचे बोर्ड, निवडणुकीतले हात जोडलेले चेहरे, सगळं तिथूनच निघायचं. शिवाय निकेशचं एक चॅनल होतं. पडके बंगले, बंद शाळा, ओसाड वस्त्या, जिथं कोणी फिरकत नाही तिथं हा कॅमेरा घेऊन भूत शोधायला जायचा. भूत कधी सापडायचं नाही. मग दुकानात परत येऊन तो ते कॉम्प्युटरवर बनवायचा.

आम्ही त्याच्याकडे गेलो ते लेबलसाठी. आमच्या मोहटोल्याच्या बचत गटाचे मोहाचे लाडू चांगले खपत होते, पण साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. निकेश म्हणाला, "ताई, ब्रँडले चेहरा लागते. चेहरा नाई तं माल नाई." गटातल्या सगळ्या बायांना त्यानं एकदा न्याहाळलं आणि चेहरा म्हणून सोमारीआत्याला उचललं.

सोमारी म्हणजे माझी सासू, आणि माझ्या बापाची सख्खी बहीणही. आम्हा गोंडांत आत्याच्या घरी मुलगी देतात. लहानपणी जिच्या मांडीवर झोपले तिच्याच घरात सून होऊन गेले, त्यामुळे सासूपणा तिला कधी जमला नाही आणि सूनपणा मला. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. निकेशनं आमच्या अंगणात हिरवी चादर बांधली, आत्याच्या हातात मोहाची टोपली दिली आणि म्हणाला, "आजी, हसा."

"काऊन? लाडू खाणारे हासतील नं," आत्या म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर तोंडभर हसली.

तोच फोटो त्यानं घेतला. मागची चादर कापून टाकली, आत्या तेवढी ठेवली आणि लेबलवर बसवली. लेबल सुरेख झालं होतं, ते मी नाकारत नाही. घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी आत्या त्याला ते लेबल दाखवायची.

मोहाच्या दिवसांत अर्धं गाव मिरची तोडायला तेलंगणात जातं. माझा नवराही तिकडेच होता. बाजाराच्या दिवशी मी एकटीच अहेरीला लाडू घेऊन बसले होते. कॉलेजातली एक पोरगी आली, पाकीट हातात घेतलं, लेबल पाहिलं, आणि चटका बसावा तसं खाली टाकलं.

"हे तं तेच भूत आहे!" मैत्रिणीपुढं फोनवरचा व्हिडिओ धरत ती म्हणाली.

मी तिचा फोन ओढूनच घेतला. गावाबाहेरचा आमचा पडका डाकबंगला होता आणि त्याच्या दारात माझी आत्या. चेहरा निळा केलेला, डोळ्यांत बुबुळं नाहीत, ते हसू कानापर्यंत ताणलेलं, गोंदण निखाऱ्यासारखं लाल. वर लिहिलं होतं, 'लेकरं खाणारी म्हातारी'. खाली निकेशचा आवाज बसवलेला, घसा खोल काढून. ही म्हातारी ज्या लेकराच्या कपाळावर हात ठेवते, ते लेकरू वाचत नाही म्हणे.

आमच्या शेजारच्या खुशबूचं दोन वर्षांचं पोरगं त्याच आठवड्यात तापानं गेलं होतं. ताप चढला त्या दिवशी आत्यानं त्याच्या कपाळावर हात ठेवला होता. "लय तापलं वं, आत्ताच दवाखान्यात ने," असं म्हणाली होती. ते अख्ख्या गावानं पाहिलं होतं.

लाडू तसेच टाकून मी निकेशच्या दुकानात गेले. तो एका सलूनच्या बोर्डावर हिरोचे केस चिकटवत बसला होता. तिथंच ती थोबाडीत बसली.

"ताई, ताई! ऐकून तं घ्या," गाल धरून तो म्हणाला. "तो कटआऊट रेडी होता नं. घाई होती त्या दिवशी. दुसरी म्हातारी कुठून आणू?"

त्याच्या कॉम्प्युटरवर ती फाइल समोरच होती. नाव, 'म्हातारी फायनल'. तीच म्हातारी लाडवावर, तीच भुताच्या बंगल्यात. त्याच्या लेखी आत्या म्हणजे पाण्याचे शिंतोडे, सोनेरी किनार, गणपतीचा मुकुट, तसलीच एक उचलून कुठंही बसवायची वस्तू.

"एवढा इफेक्ट मारल्यावर कोण ओळखते, ताई?"

"गोंदण ओळखते रे, मुडद्या! मेल्यावर बी माणूस ओळखू यावा म्हणून काढते ते आमच्यात. अन् लेकराचं काऊन टाकलं?"

"ते असंच. लेकरू टाकलं का लोकं पाहाते."

त्यानं व्हिडिओ काढून टाकला. पण तो तोवर गावागावांतल्या ग्रुपवर पोचला होता. मी दुसरी थोबाडीत द्यायला हात उचलला तेवढ्यात फोन वाजला. आमच्या गावचा अंकुश, पिकअप चालवतो तो.

"वहिनी, जल्दी या. काकूले बांधलं. मारून राह्यले."

पोलिसांना फोन लावला, गाडी निघतेय म्हणाले. मी निकेशची कॉलर धरली आणि त्याला त्याच्याच मोटारसायकलवर बसवलं. "तू बनोलं, तूच सांगशील. नाई सांगितलं तं तिथंच तुले गाडीन," म्हटलं. वाटेत तो रडत होता की वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं, मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. खोटं आहे हे एकदा कळलं की सोडतील. माणसंच आहेत, रोज उठून आपल्या अंगणात येणारी.

समाजमंदिराच्या खांबाला आत्या बांधलेली होती. केस कातरलेले, तेही धड नाही, कुठं टाळूपर्यंत. लुगडं खांद्यापासून फाटलेलं. नाकातलं रक्त गळ्यापर्यंत येऊन वाळलेलं. एक डोळा सुजून मिटलेला. मी पोचले तेव्हा एक बाई चपलेनं तिच्या तोंडावर मारत होती. ती बाई आमच्या गटातली. आदल्या दिवशी माझ्या शेजारी बसून लाडू वळलेली.

मी तिच्या झिंज्या धरून तिला खाली पाडलं. तेवढ्यात पाठीत काठी बसली, मग कोणाची तरी लाथ कमरेत. मी उठले, पडले, पुन्हा उठले. एका पोऱ्याच्या हाताला मी इतकी कडकडून चावले की त्याचं रक्त तोंडात आलं. आत्या तेवढं म्हणाली, "रंजी, तू नको वं येऊ मधात."

निकेश मागच्या मागं सटकायला लागला होता. अंकुशनं त्याला पकडून ओढत पुढं आणलं.

"यानं बनोला तो व्हिडिओ! इचारा याले!" मी ओरडले.

पाटील वारलूभाऊ काठी घेऊन पुढंच उभे होते. त्यांनी हात वर केला. मार थांबला. मी निकेशच्या पोटरीवर लाथ घातली तेव्हा कुठं तो बोलला.

"खोटं आहे जी. फोटो लाडवाचाच होय. म्या कॉम्प्युटरवर बनोलं."

"मंग तिचंच तोंड काऊन आलं?" झाडूनं विचारलं. झाडू म्हणजे खुशबूचा नवरा, मेलेल्या पोराचा बाप. त्याच्या हातात टांगी होती, आमच्याकडे लाकडं तोडायची कुऱ्हाड असते ती. "एवढ्या दुनियेत हेच तोंड काऊन?"

"दाखव बनवून," मी निकेशला म्हटलं. "आत्ता. इथी."

फोन हातात आल्यावर निकेशची बोटं आपोआप चालायला लागली. कामाची सवय असते माणसाला. त्यानं वारलूभाऊंचा फोटो काढला. मागचं समाजमंदिर पुसलं. डोळे पांढरे केले, चेहरा निळा, तोंड ताणलं, मिशांतून रक्त सोडलं. मग डाकबंगल्याच्या दारात उभं केलं आणि फोन सगळ्यांपुढं धरला. पाटील भूत झाले होते.

लोक जवळ आले. फोन या हातातून त्या हातात गेला. कोणीतरी फस्सकन हसलं. वारलूभाऊंनी स्वतःचं भूत डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, घसा खाकरला आणि काठी खाली टेकवली.

"सोडा तिले," ते म्हणाले.

हातातले दगड पायाशी पडले. ज्या बाईनं चपलेनं मारलं होतं तिनंच पाणी आणलं. आणि ज्यांचे हात अजून शिवशिवत होते ते निकेशवर तुटून पडले. त्याचा फोन दगडावर आपटून फोडला, त्याचं तोंडही. मी बघत होते. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अंकुशनं आत्याची दोरी सोडली, मी तिला कुशीत घेऊन खाली बसवलं. जिंकलो असं वाटलं मला. माझी आत्या माझ्या हातात होती, श्वास घेत होती.

तेव्हा खुशबू पुढं आली. इतका वेळ ती खांबाजवळ नुसती उभी होती, मारणाऱ्यांत नव्हती. पोरगं गेल्यापासून केसाला फणी लावली नव्हती तिनं.

"हे खोटं," ती फुटक्या फोनकडे बोट करून म्हणाली. "मंग माह्या पोराले कोणं खाल्लं?"

वारलूभाऊ जमिनीकडे पाहायला लागले. निकेशला मारणारेही थांबले. मी आत्याचा दंड दाबला. गप राहा, एवढंच मला सांगायचं होतं. पण तिला गप बसता आलं असतं तर ती माझी आत्या कसली.

"तापानं खाल्लं, बाई," आत्या म्हणाली. ओठ फाटल्यामुळे तिचं बोलणं जड येत होतं, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, दवाखान्यात ने. तू नेत होती. याने नाई नेऊ देलं. पुजाऱ्याकडं बसवून ठेवलं लेकरू."

खुशबूनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्या गावानं पाहिलं. आत्यावर एवढा वेळ खिळलेल्या त्या नजरा झाडूवर गेल्या आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं टांगी उचलली आणि बोथट बाजूनं आत्याच्या डोक्यात घातली. मी हात मध्ये घालेपर्यंत झालं होतं. दुसरा घाव माझ्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसऱ्याच्या आधी अंकुशनं त्याला मागून मिठी घालून पाडलं.

गाव पांगलं. एवढी माणसं क्षणात कुठं जातात कोणास ठाऊक. दारं लागली. वारलूभाऊंची काठी तिथंच पडून राहिली. अंकुश गाडी घेऊन आला, आम्ही आत्याला पिकअपच्या हौद्यात चढवलं, मी एका हातानं आणि तो दोन हातांनी. पोलिसांची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मला अजून दोन हात हवे होते, तिच्या डोक्यावर दाबायला. मी बायांच्या नावानं हाका मारल्या. एकही दार उघडलं नाही.

खुशबू चढली. न विचारता, न बोलता, साडीचा पदर काढत. तिला लाथ घालून खाली पाडावं असं मला वाटलं, आणि दोन्ही मनगटं धड असती तर पाडलीही असती. तिनं तो प्रश्न विचारला नसता तर आत्या घरी असती.

"इथी दाब," मी म्हटलं. "हात काढला तं फेकून देईन गाडीतून."

तिनं दाबलं. पदर भिजला, तिनं तो पिळून पुन्हा दाबला. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला तिचं सगळं अंग उसळायचं, हात मात्र हलायचे नाहीत. वर तोंड करून ती अंकुशला ओरडत होती, "जोरानं घे नं भाऊ! माह्या पोराच्या टाईमाले उशीर झाला. आत्ता नाई होऊ द्यायचा. जोरानं घे!"

आत्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचा श्वास माझ्या हाताला लागत होता. नाल्यावरचा पूल ओलांडला तेव्हा लागत होता. पुढे सागाची झाडं संपून अहेरीची पहिली घरं दिसायला लागली, तेव्हा लागेनासा झाला. मी हात तिच्या नाकापाशी नेला. छातीवर ठेवला. मग तिचा उघडा राहिलेला डोळा मी मिटला, खुशबूच्या लक्षात येणार नाही असा.

खुशबू दाबतच होती. बाजारातली माणसं बाजूला होत होती, ती त्यांच्यावरही ओरडत होती, सरका, सरका, पेशंट आहे. मी तिला सांगू शकले असते. मला तिची दया आली म्हणून मी बोलले नाही, असं कोणी समजू नये. दवाखान्याच्या दारापर्यंत तिला वाटत राहावं, की या वेळी आपण वेळेवर पोचतोय, या वेळी एक जीव आपल्या हातानं वाचतोय. आणि मग तिला डॉक्टरनं सांगावं. एवढंच मला हवं होतं.

"जोरानं घे, भाऊ," ती म्हणाली, आणि अंकुशनं गाडी आणखी जोरात घेतली.