एकोणीस वर्षं निरंक

वनविभागाच्या कचेरीत तिला सगळे बजेटबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते पत्रक तयार करणारीही तीच. तीस वर्षं ती एकाच खिडकीपाशी बसली. साहेब आले, साहेब गेले. टाइपरायटर जाऊन संगणक आला. कार्बनची निळाई बोटांवरून कायमची उतरली. पण जंगलाला पुढच्या वर्षी काय काय लागेल ते आधी पेन्सिलीने लिहायचं, आणि वरून कापून आलं की खोडून पुन्हा लिहायचं, ही तिची रीत बदलली नाही. "शाई म्हणजे मंजुरीनंतरची चैन," असं ती म्हणे.

एक ओळ मात्र ती पहिल्यापासून शाईने लिहायची. टेहळणी मनोरा, एक, राखणदार, एक, जाळरेषांची साफसफाई. जाळरेषा म्हणजे गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, आगीला ओलांडता येऊ नयेत असे. आणि तो एक राखणदार म्हणजे तिचा थोरला भाऊ. कचेरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी त्यावर बोट ठेवत नसे, कारण रोज त्या बहात्तर पायऱ्या चढायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

दादा एकोणीस वर्षं मनोऱ्यावर होता आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा अहवाल कचेरीत येत होता. 'आगीच्या घटना' या रकान्यापुढे एकच शब्द: निरंक. एकही नाही. तो शब्द तो असा घोटून लिहायचा की जणू दगडावर कोरतोय.

"शाळेत असं अक्षर काढलं असतंस तर आज साहेब झाला असतास," बजेटबाई म्हणायची.

"साहेब झालो असतो तर आग लागली असती, चिमणे."

बजेटबाई छप्पन्न वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर दरवर्षी महागाईसारखा चढत होता. पण दादाच्या लेखी ती चिमणीच.

त्या 'निरंक'मागे एक जुनी गोष्ट होती. ती सातवीत असताना हे जंगल अकरा दिवस जळलं होतं. तेव्हा मनोरा नव्हता, 'राष्ट्रीय उद्यान' अशी पाटीही नव्हती. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची. आई ते झटकायची, पुन्हा धुवायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. वडील जंगलात मजूर होते. बाराव्या दिवशी घरी आले ते दोन्ही हात फडक्यात गुंडाळून. त्यानंतर सदऱ्याची बटणं त्यांना कधी स्वतः लावता आली नाहीत. रोज सकाळी ती दादा लावायचा, शाळेला कितीही उशीर झाला तरी. वरचं बटण आधी, मग खालची.

तर असा हा निरंक. आणि तोच यंदा दादाच्या मुळावर आला.

वित्त खात्याने परिपत्रक काढलं: ज्या खर्चाखाली गेल्या पाच वर्षांत एकही घटना नोंदलेली नाही, तो खर्च अनावश्यक समजून बंद करावा. बजेटबाईने ते दोनदा वाचलं आणि साहेबांबरोबर स्वतः सभेला गेली. साहेब भला माणूस. फक्त सभेत खरं बोलायची खोड होती.

"आगी किती?" वित्त खात्याच्या अधिकाऱ्याने विचारलं. तरुण होता, नम्र होता, पाण्याचा पेला स्वतःच भरून घेत होता. अशी माणसं जास्त कापतात, हे बजेटबाईला अनुभवाने माहीत होतं.

"एकही नाही!" साहेब छाती फुगवून म्हणाले. बजेटबाईने टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय ठेवला, पण उशीर झाला होता. "एकोणीस वर्षांत एकही नाही!"

"मग मनोऱ्यावरचा माणूस करतो काय?"

"बघतो," बजेटबाई म्हणाली.

"काय बघतो?"

"आग लागत नाहीये ना, ते."

अधिकारी हसला. "बाई, कुलूप आहे म्हणून चोर येत नाही, असं तुमचं म्हणणं. पण चोर कधी आलाच नाही, तर कुलपावर किती खर्च करायचा?"

"तुम्ही घराला कुलूप लावता?"

"लावतो की."

"चोर कितीदा आला?"

अधिकारी पाणी प्यायला. मग म्हणाला, "पाच वर्षांच्या घटना गुरुवारपर्यंत कळवा. असतील तर."

त्याच सभेत शेजारच्या विभागाला नवा पंप, दोन गाड्या आणि उत्कृष्ट आपत्ती व्यवस्थापनाची ढाल मिळाली. त्यांचं अर्धं जंगल दोनदा जळलं होतं. आणि बजेटबाईच्या उद्यानाला प्रवेशद्वाराशी कमान मंजूर झाली, शेजारी सिमेंटच्या हरणासह. हरणाबरोबर किती लोक फोटो काढतील याचा आकडा देता येत होता. न लागलेल्या आगीचा फोटो कुणी कसा काढणार?

बुधवारी ती मनोऱ्यावर चढली. बहात्तर पायऱ्यांत चारदा बसली.

"कोण मेलं?" वरून दादाने विचारलं. ती यापूर्वी एकदाच चढून आली होती, आई गेली तेव्हा.

"अजून कुणी नाही. पाणी दे."

वर एक खोली, चारी बाजूंना खिडक्या, मधे दिशा मोजायची पितळी तबकडी, खुंटीला दुर्बीण. तिने धाप टाकत सगळं सांगितलं. दादा दुर्बिणीतून बाहेर बघत ऐकत होता.

"मग आग लागली म्हणून खोटं लिहू?"

"खोटं नको. परवा सहलीवाल्यांनी तीन दगड मांडून भात शिजवला, तो तूच विझवलास ना?"

"भात नाही विझवला. चूल विझवली."

"तेच. त्याच्या आधी त्या वठलेल्या झाडावर वीज पडली होती. ती?"

"त्या आगी नव्हेत, चिमणे. तो धूर. धूर असतानाच गाठलं तर आग कसली?"

"असे धूर किती झाले?"

 दादाने तबकडीखालच्या फळीवरून जाडजूड वही काढली. तारीख, दिशा, कशाने, किती वेळात विझवला. सिगारेटचं थोटूक. मध काढणारे. उन्हात पडलेली काचेची बाटली. बजेटबाईने बोट ओलं करून पानं उलटली. पाच वर्षांचे एकशे सदतीस.

"एवढं सगळं केलंस आणि कचेरीला निरंक कळवलंस?"

"काय कळवायचं? स्वयंपाकघरात फोडणी जळली नाही, हे तुझी वहिनी रोज मला कळवते का?"

"दादा, यांची यादी करते. तू सही कर."

"नाही." त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "एकोणीस वर्षं एक डाग नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. माझ्याजवळ दुसरं आहे काय?"

"तुझा कागद कोरा ठेवायचा की जंगल हिरवं ठेवायचं, ते बोल. मनोरा बंद झाला तर पहिल्या उन्हाळ्यात..." ती थांबली. "आई कपडे झटकायची ते आठवतं?"

 दादाने दुर्बीण पुसली, ती स्वच्छ असतानाच पुन्हा पुसली, आणि सही केली. अक्षर वाईट आलं.

गुरुवारी एकशे सदतीस घटना रवाना झाल्या, आणि सरकार हललं. महिन्याभरात मंजुरी आली. मनोरा कायम, एकाऐवजी दोन कंत्राटी राखणदार, पंप, गाडी. अधिकाऱ्याने समासात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'परिस्थिती गंभीर दिसते. तरतूद तिप्पट.' साहेबांनी कचेरीला चहा पाजला.

त्याच दिवसाच्या टपालात दुसरं पाकीट होतं. मुख्यालयाच्या दक्षता शाखेकडून, मनोऱ्याच्या राखणदारास, कारणे दाखवा. आपल्या टेहळणीत आगी शून्यावरून एकशे सदतीसवर कशा गेल्या? त्या घडल्या असता एकोणीस वर्षं निरंक कळवून कार्यालयाची दिशाभूल का केली? चौकशी पूर्ण होईपर्यंत आपणास मनोऱ्यावरून हलवून प्रवेशद्वारावर, तिकिटे फाडण्याच्या कामावर नेमण्यात येत आहे.

बजेटबाईने साहेबांना गाठलं, साहेबांनी मुख्यालयाला पत्र लिहिलं. मुख्यालयाने कळवलं की पत्र मिळालं.

दादा तिच्याशी बोलायचा थांबला. भांडला नाही, भांडला असता तर बरं झालं असतं. निरोप वहिनीमार्फत यायचे. "घरात काडी पेटवली तरी खिडकीशी जाऊन उभे राहतात," वहिनी फोनवर म्हणाली. "काल गॅसपाशी बसून होते. मला म्हणतात, ज्योत बारीक कर. वन्सं, यांना परत वर चढवा, नाहीतर मीच चढते मनोऱ्यावर."

चार महिने असे गेले. उन्हाळा लागला. एका रविवारी वहिनीने दिलेला डबा घेऊन बजेटबाई कमानीपाशी गेली. सिमेंटच्या हरणाचा एक कान पोरांनी बसून बसून तोडला होता. दादा तिकिटांच्या खोलीत होता, पण तोंड रस्त्याकडे नव्हतं. खुर्ची उलटी फिरवून तो डोंगराकडे बघत होता, आणि माणसं त्याच्या पाठीला पैसे देत होती.

"डबा," ती म्हणाली.

"ईशान्येला," तो म्हणाला. चार महिन्यांतला हा पहिला शब्द. "तिसऱ्या टेकडीच्या खांद्यावर. दिसतो?"

तिला काही दिसलं नाही. मग दिसलं: दोऱ्याएवढं, करडं.

त्याने मनोऱ्याला फोन लावला. पलीकडचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"दिसतोय की काका, मघापासून बघतोय."

"मग निघा ना!"

"अजून पाव हेक्टर नाही झालं. त्याच्या खालचं नव्या फॉर्ममधे बसत नाही. गेल्या महिन्यात तीन विझवले, एकही धरला नाही. वरून विचारतात, दोघं मिळून करता काय? थोडं होऊ दे, मग पंपच नेतो."

दादाने फोन ठेवला आणि बहिणीकडे बघितलं. मंजुरीबरोबर आलेला तो फॉर्म तिच्याच टेबलावरून पुढे गेला होता. घटनेची व्याख्या: पाव हेक्टर वा अधिक. तिने वाचला होता, शिक्का मारला होता, आणि पुढच्या पानावर वळली होती.

"घे." दादाने तिकिटांची गुंडाळी तिच्या हातात दिली. "माणसी एक. पोरांना अर्धं. हरणावर कुणाला बसू देऊ नकोस." कोपऱ्यातला आग विझवायचा लांब दांड्याचा झोडपा उचलून तो निघाला. बाहेर एक वनरक्षक मोटारसायकल पुसत होता. त्याच्या मागे टांग टाकून दादा म्हणाला, "चल रे, पुसणं पुरे."

तीन तास बजेटबाईने तिकिटं फाडली. प्रत्येक तिकिटागणिक मान वर करून टेकडी बघितली. एकाला दोन तिकिटं दिली, एकाला एकही नाही. तीस वर्षांत तिच्या हिशेबात अशी चूक झाली नव्हती. करडा दोरा जाड झाला, मग दोरीएवढा झाला. मग तुटला. मग नाहीसा झाला.

दादा परत आला तेव्हा भुवया करपल्या होत्या आणि कोपरापर्यंत काजळी होती. तिने आधी हात बघितले.

"भाजले?"

"नाही गं." त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढलं, आणि तिच्यासमोर पुन्हा लावून दाखवलं. "हे बघ."

 बजेटबाईने टेबलाचा खण उघडला. घटनेच्या फॉर्मांचा गठ्ठा इथेही होता. तो तिनेच सगळीकडे वाटला होता.

"किती जळलं?"

"चार पावलं. फार तर पाच."

"पाच पावलांना रकाना नाही, दादा. निरंक लिहावं लागेल. आणि असंच निरंक लिहीत गेलं, की मनोरा बंद करायचा कागद पुन्हा येईल."

"मग पाव हेक्टर लिही."

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. हा माणूस मनोऱ्यावर एका चुलीला आग म्हणायला तयार नव्हता.

"'प्रथम कोणी पाहिली' इथे तुझं नाव येईल. म्हणजे आणखी एक नोटीस. कमान सोडून गेलास, आणि जाऊनही पाव हेक्टर जळू दिलंस."

"येऊ दे. कमानीच्या खाली बदली कुठे करतील? फार तर हरणाच्या जागी उभं करतील."

"कान तुटेल."

"तुटू दे. डोळे आहेत ना."

बजेटबाईने पर्स उघडली. पेन्सिल हाताला लागली, ती तिने बाजूला सारली आणि पेन काढलं.

"अक्षर नीट काढ, चिमणे," दादा म्हणाला आणि खुर्ची पुन्हा डोंगराकडे फिरवून त्याने डबा उघडला.