नवव्या मजल्यावरची गाठ

उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांचा एक नियम आहे: जो लटकतो तो दोर बांधत नाही, आणि जो बांधतो तो लटकत नाही. थोडक्यात, जीव आपला, गाठ दुसऱ्याची. डबल्याला हा नियम कधीच पटला नव्हता.

सगळं दोनदा तपासायचा, म्हणून डबल्या. कुलूप लावून जिना उतरायचा आणि परत चढून ते ओढून बघायचा. लग्न ठरताना मुलगी हो म्हणाली, तर याने विचारलं, "नक्की ना?" ती नक्की म्हणाली, तर पुन्हा विचारलं. मुलीच्या वडिलांनी तेव्हाच ओळखलं, की हा प्राणी आपल्या धंद्याला चालेल. सासरेबुवा तीस वर्षं दोर बांधत होते. जावई लटकू लागला.

गेल्या महिन्यात दुसऱ्या टोळीतला एक जण पडला. वाचला, पण अजून प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून डबल्याची झोप उडाली होती.

"मामा, तोही देवाचं नाव घेऊनच उतरला होता," तो सासऱ्यांना म्हणाला होता.

"घेतलं होतं खरं."

"मग?"

"मग काय, मला माहीत नाही, जावईबापू. मी आपलं घेतो."

एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर! डबल्याने त्या दिवसापासून देवाशी बोलणं बंद केलं आणि दोर तीनदा तपासायला लागला.

त्या सकाळी गच्चीवर मामा रोजच्यासारखे मिनिटभर डोळे मिटून उभे राहिले. डबल्याने तेवढ्यात दोर चाचपले. दोर दोन. तांबड्यावर बसून तो कमरेच्या खटक्यातून दोर सोडत खाली सरकणार. निळा राखीव; तो डबल्याच्या पट्ट्याला अडकवलेला आणि वर मामांच्या हातातल्या ब्रेकमधून सुटणारा. तांबड्या दोरावर एका जागी त्याला जरा पिंजल्यासारखं वाटलं. मामांना दाखवलं असतं तर त्यांनी अख्खा दोर बदलला असता, वर "काल बघितला तेव्हा डोळे कुठे होते?" हेही ऐकवलं असतं. म्हणून डबल्याने तो भाग मधे घेऊन गुपचूप एक फासाची गाठ मारली. कमकुवत भाग फासात, ताण बाहेर. गाठ सुरेख बसली. मामांनी डोळे उघडले आणि दोर खाली सोडला.

गाठ खटक्यातून जात नाही, हे डबल्याला पक्कं माहीत होतं. आठवलं ते नवव्या मजल्यावर, खट्ट करून थांबल्यावर.

"काय झालं?" वॉकीटॉकीवर मामा.

"दोराला गाठ आहे."

"कुणी मारली?"

डबल्याने खाली बघितलं. नऊ मजले होते. "उंदराने," तो म्हणाला.

"फासाची आहे का?"

"हो."

"शिकलेला उंदीर दिसतोय."

तेवढ्यात वारा उठला. डबल्या काचेवर आपटला, फिरला आणि पुन्हा आपटला. काचेआड मीटिंग चालू होती. दहा-बारा माणसांनी त्याच्याकडे बघितलं. एका बाईंनी कागदावर काहीतरी लिहून काचेला लावलं. डबल्याने आशेने वाचलं: 'उजवा कोपरा राहिलाय.' काच उघडणारी नव्हती, म्हणून त्याने कोपरा पुसला.

"जावईबापू, नीट ऐका," मामा म्हणाले. "मी निळा ब्रेक दुसऱ्या कडीला घेतो, तिथून तुम्हाला खाली सोडता येईल. तोवर खटक्याला हात लावायचा नाही. शंभर मोजा. मग फासात पाय घालून उभे राहा, खटका उघडा आणि पाय काढा. निळा तुम्हाला..."

वॉकीटॉकी खरखरली आणि मेली.

डबल्याने शंभर मोजले. मग, अर्थातच, पुन्हा शंभर मोजले. निळा दोर वाऱ्याने पोटासारखा फुगला होता. वर कुणी धरलाय की नुसताच लोंबतोय, काही कळत नव्हतं. त्याने ओढून बघितला. हातभर आला. आणखी ओढला, आणखी आला. पुढे ओढायची त्याची छाती झाली नाही.

मग वरून एक काळी रबरी पट्टी गिरक्या घेत त्याच्या नाकासमोरून गेली. गच्चीच्या कठड्यावर, तांबड्या दोराखाली घातलेली पट्टी ती. म्हणजे त्याला पेलणारा दोर आता उघड्या सिमेंटवर घासत होता. झोका बसला की करकर ऐकू यायची. थोड्या वेळाने त्याच्या बाहीवर तांबडा भुसा पडला.

"मामा!" तो ओरडला. वाऱ्याने ते शब्द भलतीकडेच नेले.

आता इथे तपासण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि त्यामुळे त्याला जास्त भीती वाटली.

"देवा," तो म्हणाला. महिन्याभराने बोलताना जरा अवघडच वाटलं. "मला फक्त एक खूण दे. निळा दोर जरासा हलव."

निळा दोर चांगला हलला. पण वाऱ्याने सगळंच हलत होतं, तोही हलत होता.

"ही नको. दुसरी दे."

बाईंनी दुसरा कागद लावला. त्यावर आभार मानले होते.

डबल्याने डोळे मिटले, एक किलकिला करून निळा दोर बघितला आणि पुन्हा मिटले. पडलेल्या गड्याचं तोंड समोर आलं. "त्याला का नाही धरलंस, ते मला कळत नाही," तो पुटपुटला. "मला धरशील की नाही, तेही कळत नाही. लबाडी माझीच आहे, उंदराची नाही. मला भयंकर भीती वाटतेय. तरी मी पाय काढतो. पुढचं तू बघ."

त्याने फासात पाय घातला, उभा राहिला, खटका उघडला. दोर सुटा झाला. पाय काढायला त्याला किती वेळ लागला, हे मीटिंगमधल्या लोकांना विचारायला हवं. त्याच्या हिशेबाने एक उन्हाळा गेला.

पाय काढला.

तो पडला. हातभर, मग आणखी हातभर. बाई, टेबल, चहाचे कप सगळे वर निघून गेले. मग पट्टा मांड्यांत करकचून रुतला आणि डबल्या आठव्या मजल्याच्या वरच्या चौकटीपाशी थांबला. लोंबकळत, गोल फिरत, जिवंत.

निळा दोर हळूहळू सुटू लागला. आठ. सात. सहा.

जमिनीला पाय लागले. तो बसला. वॉचमन येऊन म्हणाला, "इथून आत येता येत नाही. मागच्या गेटने या."

मामा धावत खाली आले. हातमोजे उसवलेले, चेहरा चुन्यासारखा.

"गाठ मी मारली होती, मामा."

"मला काय उंदीर ओळखता येत नाहीत?" ते धप्पकन शेजारी बसले. "काय घाबरवलंत हो! तुम्ही सुटलात की तांबड्याला धरून बसलात, वर काही कळेना. नुसता दोर धरून उभा. वजन आलं तेव्हा जीव भांड्यात पडला."

"तुम्ही घाबरलात?"

"मग? तीस वर्षं रोज घाबरतोय. मिनिटभर डोळे मिटून काय पाढे म्हणतो मी?"

डबल्या त्यांच्याकडे बघत राहिला.

"मामा, उद्या डोळे मिटाल तेव्हा माझंही नाव घ्या."

"तुमचं रोजच घेतो. पण तुम्ही स्वतः बोला की. तिथे काही रांग नसते."

डबल्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. शेजारी मामांनी डोळे मिटले होते. त्यानेही मिटले, आणि या वेळी मधेच एक डोळा किलकिला करून बघितलं नाही.