थाळी वाजल्याशिवाय ओरडू नये

आमच्या ह्यांना गोल बघायचा नव्हता, अडवायचा होता. वर्ल्ड कप फुटबॉलमधला, टीव्हीतला, कोपरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर उभं राहून. हसा. मीही आधी हसलेच होते.

हे, म्हणजे नाव घेऊनच सांगते, दगडू, वागळे इस्टेटला कंपनीत होते तेव्हा कंपनीच्या टीमचे गोलकीपर होते. राखीव! अकरा वर्षं बाकावर बसले, पण तो मेला पहिला गोलकीपर ना कधी लंगडला, ना कधी शिंकला. ह्यांचे हातमोजे कोरे ते कोरेच राहिले. रिटायर झाल्यावर ह्यांनी डोक्यात घेतलं की आयुष्यात एक तरी पेनल्टी अडवायचीच. "कलावती, चेंडू कुठे जाणार ते ओळखून उडी मारायची. जमलं, तर मी गोलकीपर." सहासष्टाव्या वर्षी!

आता पदरात पडलं आणि पवित्र झालं. संदेशने, आमच्या मुलाने, मोठा टीव्ही आणून भिंतीला ठोकला, नवीन वायफाय घेतलं. मी टीव्हीपुढे कापसाच्या गाद्या अंथरल्या. देवांना स्वयंपाकघरात हलवलं, म्हटलं लाथ लागायला नको. पहिलीच मॅच लावली आणि खालून परशुराम पाटलांच्या घरातून बोंब आली, "गोऽऽल!" आमच्या टीव्हीत चेंडू अजून मैदानाच्या मधोमध लोळत होता.

"आई, नेटवरचं चित्र थोडं मागून येतं," संदेश म्हणाला. "त्यांच्याकडे डिशची छत्री आहे, त्यांना आधी दिसतं."

"मग एवढा टीव्ही काय शिळं बघायला आणलास?"

ह्यांनी हातमोजे काढून ठेवले. गोल होणार हे आधीच कळल्यावर ओळखायचं काय? तोंड एवढंसं झालं, मला काही बघवेना. मी तडक खाली गेले. परशुरामभाऊ इथले मूळचे, बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर, सोसायटीचे चेअरमनही तेच. म्हणाले, "वहिनी, गोल झाल्यावर ओरडाचा नाय, त काय रराचा?"

"रडा. पण हळू."

शेवटी सोसायटीची मीटिंग लागली. टाकी गळतेय, लिफ्ट बंद पडलीय, ते सगळं राहिलं बाजूला. हा ठराव मात्र एकमताने पास झाला. आमच्या टीव्हीत गोल दिसला की मी गॅलरीत थाळी वाजवणार. थाळी वाजल्याशिवाय कोणी ओरडू नये. अगदीच राहवलं नाही तर तोंडात रुमाल धरावा.

बाद फेरीची मॅच सकाळी साडेसहाला होती. हे आंघोळ करून, हातमोजे चढवून, गुडघे वाकवून उभे. खाली-वर सगळीकडे "पास दे ना रे", "अरे आंधळ्या" चाललेलं. आणि अचानक सगळं चिडीचूप. एवढ्या घरांतून एक भांडं वाजेना. हे हळूच ताठ उभे राहिले.

"गोल येतोय," म्हणाले. आणि आला.

म्हणजे ओरडले तरी कळतं, गप्प बसले तरी कळतं! मी थाळी बडवली ती रागाने. बिल्डिंग ओरडली ती ठरावाप्रमाणे. हे मात्र गादीवर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे गं. इथेही राखीवच."

मॅच बरोबरीत सुटली आणि पेनल्टी आल्या. मी थाळी भिरकावली, गॅलरीत गेले आणि जीव खाऊन ओरडले, "ठराव रद्द! मेल्यांनो, आता बोंबला! गोल होवो नाहीतर न होवो, थांबायचं नाही!"

सुरुवात परशुरामभाऊंनी केली. मग काय, होळीला बोंबलत नाहीत एवढी सगळी बिल्डिंग बोंबलायला लागली. कपडे द्यायला आलेला इस्त्रीवालाही जिन्यात उभा राहून, काही न विचारता, त्यात सामील झाला. त्या गदारोळात कुणाला काही कळायची सोयच उरली नाही.

पहिल्या पेनल्टीला हे चुकीच्या बाजूला पडले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला कंबर धरून उठले. "पप्पा, बस झालं," संदेश म्हणाला. ह्यांनी ऐकलं नाही. चौथ्याला तो खेळाडू धावत आला, त्याने पाय उचलला, आणि हे उजवीकडे सरळ आडवे झेपावले.

चेंडूही उजवीकडेच निघाला होता. गोलच्या तोंडाशी पोचला आणि तिथेच हवेत थांबला. पडद्यावर ते मेलं चक्र फिरायला लागलं.

हे गादीवर आडवे, दोन्ही हात चेंडूकडे ताणलेले. "अडवला का गं?"

"थांबा पप्पा, आत्ता सुरू होईल."

सुरू झाल्यावर काय होणार ते मला दिसत होतं. टीव्हीतला गोलकीपर डावीकडे पडला होता. मी उठले, बोर्डापाशी गेले आणि प्लग उपटला.

"आई! अगं, पुढच्या फेरीत कोण गेलं ते तरी बघू दे!"

"ह्यांनी अडवला," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. आता टीव्हीला हात लावशील तर तंगडं मोडेन."