आमचा दिवस चारला सुरू होतो

वसंतरावांच्या सुनेनं माझं सॉफ्टवेअर दोन रविवारांत मोडीत काढलं. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. तिनंच सांगितलं, समोर चहा ठेवून, हसत हसत. "दोन रविवार लागले बघा अण्णा. त्यातल्या पहिल्या रविवारी तर निम्मा वेळ पापड वाळत घालत होते."

केलगेरीच्या रस्त्याला वसंतरावांचं मंगल कार्यालय आहे. धारवाडातल्या मराठी घरांची लग्नं वर्षानुवर्षं तिथं लागतात, हल्ली कन्नड घरांचीही लागतात. तिथल्या बुकिंगचं सॉफ्टवेअर मी चौदा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. माझं पहिलं काम. त्यासाठी मी तीन महिने झोपेतसुद्धा कोड लिहीत होतो, असं आई सांगायची. पुढं हुबळीत आणखी गिऱ्हाइकं मिळाली आणि गेल्या चार वर्षांत एकेक करून सुटली. कुणी मोबाइलवरचं तयार ॲप घेतलं, कुणाच्या भाच्यानं काहीतरी करून दिलं. हे एक तेवढं राहिलं होतं, आणि पहिलंच म्हणून माझा त्यावर जीव होता.

"कोडची एक ओळ लिहिली नाही," दीपश्री सांगत होती. "हे चौकोन इथून ओढायचे, इथं ठेवायचे. ही तारीख, हे नाव, हा फोन नंबर. झालं ॲप."

दीपश्री गणिताची पदवीधर, हुशार पोरगी. तिच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय. पण त्या मंगळवारी ती मला अजिबात आवडली नाही, हे कबूल करतो. मी चष्मा पुसला आणि तिच्या ॲपमधला फेब्रुवारी महिना बघायला लागलो. चुका शोधायलाच बसलो होतो. पाच मिनिटांत एक सापडली.

तेवीस फेब्रुवारीला बेलूरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या वेंकटेशच्या मुलाचं लग्न होतं. सकाळी मुहूर्त आणि संध्याकाळी आरतक्षते, म्हणजे आपण रिसेप्शन म्हणतो ते. चोवीसला दत्तात्रय मास्तरांच्या शीतलचं लग्न. दोन्हीपुढं हिरवी खूण. दोन तारखा, दोन लग्नं, ॲपच्या दृष्टीनं सगळं ठीक.

पण मराठी लग्नाचं सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असतं. वऱ्हाड आदल्या दिवशीच उतरतं. म्हणजे तेवीसच्या संध्याकाळी त्याच एका हॉलमध्ये वेंकटेशचे सातशे पाहुणे जेवायला येणार आणि त्याच वेळी मास्तर व्याह्यांचे पाय धुवायला तांब्या घेऊन उभे राहणार. दीपश्रीच्या माहेरी, तिकडं गदगला, लग्नाचं सगळं एका दिवसात उरकतात. तिला हे सुचलं नाही यात नवल नव्हतं. वसंतराव गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडून होते, त्यामुळं बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक झालीच नसती. त्यात कार्यालयाचा दिवस दुपारी चारला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी चारला संपायचा. ज्याला लग्नाच्या दिवशी संध्याकाळही हवी, त्यानं दोन दिवस घ्यायचे. या गोष्टीचा मी चौदा वर्षं तोरा मिरवला होता. नवीन गिऱ्हाईक आलं की सांगायचो, "कॉम्प्युटर कुणालाही येतो हो, पण इथली रीत कळायला पाहिजे."

मी चहा संपवला. "छान केलंस," म्हणालो आणि उठलो.

मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. मला हवं होतं की ही चूक उघडी पडावी, दीपश्रीनं घाबरून मला फोन करावा आणि वसंतरावांनी अंथरुणातून म्हणावं, "प्रभंजनलाच बोलवा." चेहऱ्यावर ते दिसत असणार. कारण पायरीवर चिंच निवडत बसलेल्या गोदूबाईंनी मान वर केली.

गोदूबाई म्हणजे कार्यालयाच्या कोठीघराच्या मालकीण. पगारपत्रकात काय लिहिलंय कोण जाणे, पण किल्ल्या त्यांच्या कमरेला. वय सत्तरच्या पुढं.

"एनप्पा, काय रे प्रभंजना," त्या म्हणाल्या, "काम गेलं म्हणतात तुझं. मग हसतोस कशाला?"

"कुठं हसतोय?" असं म्हणून मी स्कूटर काढली.

रविवारी सुभाष रोडवर दत्तात्रय मास्तर भेटले. हातात कापडी पिशवी, पिशवीत पत्रिकेचा मसुदा. माझी फारशी ओळख नाही त्यांच्याशी, पण लग्नाच्या मुलीच्या बापाला ओळख लागत नाही. भर रस्त्यात त्यांनी कागद उलगडला आणि मला बाजूला घेऊन वाचून दाखवला. "सीमांतपूजन, तेवीस फेब्रुवारी, सायंकाळी सहा. शाई गडद लाल घेतलीय. उद्या सकाळी छापायला देतो. शीतल म्हणते साधी पत्रिका करा, पण एकच मुलगी आहे हो."

मला तिथंच सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मग मनात म्हटलं, ही गोष्ट आपण का सांगावी? ज्यांचं ॲप त्यांनी बघावं. मी म्हणालो, "लाल छान दिसेल." आणि भाजी घ्यायला गेलो. त्या दिवशी घेतलेली वांगी मला अजून आठवतात. घरी गेल्यावर निम्मी किडकी निघाली आणि मी बायकोवर उगीचच खेकसलो.

बुधवारी सकाळी गोदूबाईंचा फोन आला. दर महिन्याची बुकिंगं कागदावर छापून कोठीच्या दाराला चिकटवायची पद्धत माझ्या वेळेपासूनची. ताटं, पातेली, सतरंज्या किती काढायच्या ते त्या कागदावरून ठरतं. दीपश्रीनं नवा कागद मंगळवारी लावला होता.

"तेवीसच्या संध्याकाळी मी ताटं कुणाला देऊ?" गोदूबाईंनी विचारलं. "त्या दिवशी हसत होतास ते हेच नव्हे?"

"गोदूबाई…"

"मी अजून पोरीला बोलले नाही. तू येऊन सांगतोस का मी सांगू?"

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिलो. कारण मागं एकदा त्यांनी मला असाच अवसर दिला होता. ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. इतकी वर्षं न सांगता राहिलो की स्वतःलाही जवळजवळ विसरायला लावली होती.

चौदा वर्षांपूर्वी माझं सॉफ्टवेअर चालू झालं त्याच महिन्यात मीही हीच चूक केली होती. तंतोतंत हीच. कॉम्प्युटरचा दिवस रात्री बाराला सुरू होतो, म्हणून मीही बाराला सुरू केला. दोन वऱ्हाडं एकाच संध्याकाळी लावली. गोदूबाईंनी कोठीच्या दारावरचा कागद वाचला, मला जिन्याखाली बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या डब्यात दिवस कधी सुरू होतो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "रात्री बाराला इथं मांजरसुद्धा येत नाही. आमचा दिवस चारला सुरू होतो. चारला वऱ्हाडाची बस येते." मी रडकुंडीला आलो होतो. पहिलं काम, तेही जाणार. त्यांनी वसंतरावांना एवढंच सांगितलं की प्रभंजन आपणहून काहीतरी सुधारायला आलाय, त्याला दोन दिवस द्या. तो चारचा नियम त्यांचा. मी तो फक्त लिहिला होता.

अर्ध्या तासात मी कार्यालयात पोचलो. दीपश्रीला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ती आधी समजलीच नाही, मग समजली आणि तिचा चेहरा उतरला.

"पत्रिका?" तिनं विचारलं.

वेंकटेशच्या पत्रिका केव्हाच वाटून झाल्या होत्या. मास्तरांच्या मंगळवारीच संध्याकाळी छापून आल्या होत्या, चारशे, पण वाटायला घेतल्या नव्हत्या. दीपश्रीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "चला अण्णा, मास्तरांकडं." मला वाटलं होतं ती आधी फोन करेल, कारणं सांगेल. ती सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मास्तर, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी ॲप केलं, त्यात आदल्या संध्याकाळचा विचार केला नाही. सीमांतपूजन आमच्या घरी करा. कार्यालयाच्या मागंच घर आहे, अंगणात मांडव घालते, जेवण आमच्याकडून. रात्री पाहुण्यांना आमच्या खोल्या देते. चोवीसला सकाळपासून हॉल तुमचाच."

आत शीतल दारामागं उभी असावी, बांगड्या वाजल्या. मास्तरांनी पत्रिकांचा गठ्ठा समोर ओढला आणि वरच्या पत्रिकेवरून हात फिरवला.

"अंगण चालेल," ते म्हणाले. "व्याही समजूतदार आहेत. छापायच्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच." मग माझ्याकडं वळले. "रविवारी आपण भेटलो नव्हे? तुम्हाला वाचूनसुद्धा दाखवलं होतं. आता तुम्हाला तरी काय माहीत असणार म्हणा."

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. दीपश्रीच्या शेजारी उभा राहून मी तिला सगळा दोष घेऊ दिला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही सतरंजी घालून बसलो. दीपश्री, मी आणि गोदूबाई. मधोमध चारशे पत्रिका. नव्या जागेच्या छोट्या पट्ट्या छापून आणल्या होत्या, 'सीमांतपूजन: कार्यालयामागील वसंतरावांचे घर', आणि त्या एकेक करून जुन्या ओळीवर चिकटवायच्या होत्या. गोदूबाईंनी वाटीत खळ करून आणली होती.

ॲप दीपश्रीनं सकाळीच दुरुस्त केलं होतं. मी तिला चारचा हिशोब समजावला आणि तिनं दोन चौकोन इकडचे तिकडं केले, एक नवा घातला. दहा मिनिटं लागली. मला त्याला चौदा वर्षांपूर्वी दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या होत्या. मी बघत होतो आणि मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती.

"अण्णा," पट्टी चिकटवता चिकटवता ती म्हणाली, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं अजून काय काय आहे? जे मला माहीत नाही, ते सगळं सांगा की."

म्हणजे माझ्याकडं उरलेलं होतं नव्हतं ते सगळं. ते सांगून टाकलं की मला इथं बोलवायचं कुणाला कारण उरणार नव्हतं. मी गोदूबाईंकडं बघितलं. त्या खळ ढवळत होत्या.

मी सांगायला लागलो. शेजारच्या शाळेत दहावीची परीक्षा असेल त्या दिवसांत बँड घेऊ द्यायचा नाही. पितृपक्षात लग्न नसतं, पण श्राद्धाच्या पंगतीला खालची खोली मागतात, ती बंद दाखवायची नाही. बाहेरचा आचारी असेल तर कोठीची पितळी भांडी द्यायची नाहीत. सुतक आलं आणि तारीख बदलावी लागली तर पहिला हक्क त्याच घराचा. दीपश्री मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहून घेत होती. प्रत्येक नियमापुढं तिनं एक रकाना केला होता, 'कुणी सांगितलं'. त्यात ती प्रत्येक वेळी लिहायची, प्रभंजन अण्णा.

"आणि तो चारचा नियम पहिला," ती म्हणाली. "त्यापुढंही तुमचंच नाव घातलंय."

"ते खोड," मी म्हणालो. "तिथं गोदूबाई लिही."

"म्हणजे?"

मी जिन्याखालची गोष्ट तिला सांगितली. सगळी. माझी चूक, माझं रडणं, आणि नंतर चौदा वर्षं मिरवलेला तोरा. दीपश्री ऐकत राहिली, मग हसली, आणि माझं नाव खोडून तिनं गोदूबाई असं लिहिलं. मला हलकं वाटलं. वाटलं, चला, फिटलं.

गोदूबाईंनी एक पत्रिका उचलली, पट्टी नीट बसलीय का ते अंगठ्यानं दाबून बघितलं आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "आणि ते आठ दिवस? ते कुणाच्या नावावर घालायचे?"

"कसले आठ दिवस?" दीपश्रीनं विचारलं.

गोदूबाई पुढची पत्रिका घेऊन बसल्या. यावेळी त्या माझ्यासाठी काही बोलणार नव्हत्या.

"मी त्या मंगळवारीच बघितलं होतं," मी म्हणालो. "तू चहा दिलास तेव्हाच. रविवारी मास्तर भेटले, तेव्हाही माहीत होतं. सांगितलं असतं तर पत्रिका छापल्याच नसत्या. मला वाटलं, तू चुकलीस की मला परत बोलावतील."

दीपश्री ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप मिटला, बाजूला ठेवला. मग आपल्या पुढ्यातला पत्रिकांचा गठ्ठा उचलला, गोदूबाईंच्या पुढ्यातला उचलला, आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवले.

"मग हे उरलेले तुमचे," ती म्हणाली. "संध्याकाळी मास्तरांकडं आपण दोघं जाऊ. काल जे मी बोलले, त्यात तुमचं राहिलेलं तुम्ही बोला."

मी खळीची वाटी जवळ ओढली. तीनशेच्या वर होत्या.