कडूबाईचा बिल्ला

हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं की त्यात माझंही तोंड दिसतं. तीनदा खोडलं. जाऊ द्या.

औरंगपुऱ्यात माझं छपाईचं दुकान आहे. बोर्ड, बिल्ले, सगळं मोबाइलवर बघून शिकलो. परवा ऋतुराज सरांचा फोन आला. मुलगी झालीय, दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी फुगे लावायचे, बोर्ड पाहिजे. "नाव 'मारा'. हिब्रू आहे. खाली अर्थ टाक, भारी वाटतं."

शोधलं. हजारो वर्षं जुनं नाव. अर्थ, कडू.

सरांना सांगितलं तर हसले. "इथं कुणाला हिब्रू येतंय? गोडवा टाक."

टाकलं. सोनेरी अक्षरांत.

आज सकाळी बोर्ड घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅनेजर मेघा मॅडमनी एक बिल्लाही मागवला होता, 'कविता' नावाचा. कुणासाठी, मी विचारलंच नव्हतं. कडूबाईसाठी होता.

कडूबाई पाचोडची. एकोणीस वर्षं इथं तान्ह्या बाळांना न्हाऊ घालते. सरांची मारा तिच्याच पायांवर पालथी, तेलानं चकचकीत.

"मावशी, हा बिल्ला लावा," मॅडम म्हणाल्या. "सरांच्या घरच्यांना खटकतंय. बाळाजवळ सारखं कडू, कडू."

"माझ्या नावानं दूध नासतं व्हय?"

"लावा. नाहीतर आजपासून खाली फरशी पुसायची."

कडूबाईनं बाळाला पुसलं, टोपडं बांधलं, पाळण्यात ठेवलं. मग बोलली.

"माझ्या आधीची तीन गेली, मॅडम. मी चौथी. आईनं कडू ठिवलं. म्हंजी मरणानं तोंडात घेतलं तरी थुकून टाकावं. त्या नावानं मी जगले. आता ते पुसू?"

मॅडम घड्याळ बघत होत्या. सर बोर्डासमोर सेल्फी काढत होते, 'गोडवा' नीट यावा म्हणून जरा वाकून.  मला किळस माझीच आली. खरा अर्थ तोंडात होता. गिळला.

कडूबाईनं बिल्ला माझ्याच हातावर ठेवला. "फरशीला नाव लागत नाय," म्हणाली आणि जिना उतरली.

मुनीब तिथंच वॉर्डबॉय आहे, माझा शाळेपासूनचा दोस्त. फुगे बांधताना त्याला खरा अर्थ मी हसत हसत सांगून बसलो होतो. गाडीपाशी त्यानं मला गाठलं.

"तेरेकू मालूम था ना?"

"हौ."

"फिर भी चुप बैठा? मावशी खाली संडास धू रही, और तू फुगे बांध के चला?"

 दुकानात येऊन हे लिहायला घेतलं. आत्ता त्याचाच फोन आला, बाळाला संध्याकाळी नेणार आहेत, तोवर येतो का नाही एवढंच विचारायला.

"येतो मुनीब. पाचला मावशीची ड्युटी सुटायच्या आत. मॅडमसमोर, सरांसमोर, वरची पोरगी मावशीच्याच नावाची आहे ते सांगतो. आणि 'गोडवा' माझ्या हातानं लिहिला, तेही."