सहाशे चाळीस किलोंचा घोळ

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नव्हे, वजनाचा! खाली लोखंडी पाट, मागे उभा खांब आणि वर घड्याळासारखी गोल तबकडी, असं माझं रूप. अचलपूरच्या अब्दुल रहीम मिस्त्रींनी मला आपल्या हातांनी जुळवलं. तिथल्या संत्र्यांच्या बाजारात मी वीस वर्षं उभा होतो. "रहीमभाईचा काटा म्हणजे खऱ्याची खूण," असं लोक म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे पावसाने ओढ दिली. विहिरी आटल्या, बागा वाळल्या. शेवटी शेवटी माझ्यावर संत्री चढेनात, संत्र्याच्या झाडांची तोडलेली लाकडं चढू लागली. मग तीही संपली आणि मी कोपऱ्यात गंजत पडलो.

अशातच एका दुष्काळी वर्षी मला टेम्पोत घालून अकोल्याजवळच्या एका धावपट्टीवर नेलं. विमानातून ढगांत औषध सोडून पाऊस पाडायचा प्रयोग तिथे चालला होता. विमानात जाणारे सगळे डबे आणि सगळी माणसं आधी एकदमच माझ्यावर चढत. काटेवाले महादेवराव ते वजन चिठ्ठीवर लिहून कॅप्टन मोघ्यांच्या हाती देत. मला काही उमगत नसे. हवेत उडणाऱ्याला वजनाची एवढी काळजी कशाला?

महादेवरावांनाही तोच प्रश्न पडला असावा. त्यांनी एकदा सहवैमानिक लुबनाला विचारलंच. ती अकोल्याचीच मुलगी.

"काका, हा आकडा विमानातल्या यंत्रात भरा लागते," ती म्हणाली. "मंग यंत्र सांगते, किती वेग आला का नाक उचलायचं. वजन जास्त, त वेगही जास्त पायजे."

"आन् आकडा चुकला त?"

"त यंत्र काईच म्हनत नाही. जे भरलं तेच खरं मानते."

हे ऐकून मी अधिकच बुचकळ्यात पडलो. एवढं हुशार यंत्र, आणि साधी शंका घेत नाही?

एका तापलेल्या दुपारी माझ्या सुईने सहाशे चाळीस किलो दाखवले. महादेवरावांनी तेवढेच लिहिले. विमान धावलं, त्याने नाक उचललं, पण चाकं जमीन सोडीनात! क्षणात नाक खाली आदळलं. ब्रेकचा कर्कश आवाज, धुरळा, जळक्या रबराचा वास... पट्टी संपली आणि विमान काळ्या मातीत रुतून थांबलं. पुढचा खोल नाला जेमतेम दहा पावलांवर होता. आतली चारही माणसं धडधाकट उतरली.

"मी चिठ्ठीवरचाच आकडा भरला," कॅप्टन म्हणाले. "काटाच वजन कमी दाखवतोय."

महादेवरावांनी माझ्या सुईकडे बोट दाखवलं. "साहेब, मी सुई पाहूनच लिवलं जी." पण चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं गेलं. जाताना त्यांनी माझ्या तबकडीवरून एकदा हात फिरवला. मित्रांनो, त्या दिवसापासून माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही. मी खोटं बोललो का? कधी? मला आठवेना.

चौथ्या दिवशी रहीम मिस्त्री आले. महादेवरावांनाही बोलावणं गेलं होतं. मिस्त्रींनी खात्रीची वजनं एकेक करून माझ्यावर रचली आणि सहाशे चाळीसवर थांबले. सुई त्याच रेषेवर आली.

"काटा खरा हाये," मिस्त्री म्हणाले. "चिठ्ठीवर बी साशे चाळीसच हाये. मंग खोटं कुठून घुसलं?"

तेवढ्यात लुबनाने आपली वही काढली. त्या दिवशी यंत्राने सांगितलेला वेग तिने लिहून ठेवला होता: अठ्ठ्याऐंशी. कॅप्टनांनी यंत्रात पुन्हा सहाशे चाळीस भरले. वेग आला सत्त्याण्णव! मग त्यांनी सहा आणि चारची अदलाबदल केली. चारशे साठ. वेग आला अठ्ठ्याऐंशी.

"माझंच बोट चुकलं," कॅप्टन हळूच म्हणाले. "तोंडाने सहाशे चाळीस म्हणालो आणि भरले चारशे साठ."

"मी फक्त ऐकलं सर," लुबना म्हणाली. "यंत्राच्या पडद्याकडे न पाहताच बरोबर म्हटलं."

मिस्त्री म्हणाले, "बेटी, बाजारात आम्ही दोघं जन सुई पाहत होतो. दोघंही आधी गुपचूप लिवत होतो, मंग बोलत होतो. दुसऱ्यानं पहिल्याचं ऐकून मान डोलावली त तो दुसरा डोळा नाही, पहिल्याचीच सावली."

कॅप्टन उठून महादेवरावांसमोर गेले. "तुमच्यावर नाहक आळ घेतला. माफ करा." महादेवरावांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याजवळ उभे राहिले.

विमान मातीतून ओढून काढलं आणि तेव्हापासून रीतच बदलली. विमानात दोघांसमोर एकेक यंत्र होतं. दोघं चिठ्ठी वेगवेगळी वाचत, न बोलता आकडा भरत आणि मग वेग ताडून पाहत. आठच दिवसांत एकदा ते जुळले नाहीत. त्या खेपेला बोट लुबनाचं चुकलं होतं! विमान जागेवरच थांबलं, आकडा सुधारला आणि ते पोळ्याच्या बैलासारखं डौलात उडालं.

पुढे पाऊस आला; तो त्या प्रयोगाने पडला की आपसूक, हे मला आजही कळलेलं नाही. विमान गेलं, मी गोदामात राहिलो. पण एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. खरा आकडा माझ्याजवळ होता, चिठ्ठीवर होता, कॅप्टनांच्या जिभेवरही होता. तरी चार माणसं मरता मरता वाचली. मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेलपाणी करा, जपा. पण तेवढ्याने भागत नाही. कुणी तुम्हाला विश्वासाने विचारलं, "बरोबर आहे ना?", तर हो म्हणण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.